कच्चं पान

२५ ऑगस्ट, सोमवार

दहावीच्या बॅचला आज तिघंच. चौथी मुलगी समोरच्या क्लासला गेली, असं तिघांनी फार आनंदाने सांगितलं. समोर म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वर. नवा बोर्ड लागलाय तिथे. तीस दिवसांत इंग्लिश, ग्रामरशिवाय. त्यातलं 'ग्रामरशिवाय' तेवढं लाल अक्षरात. बिनसाखरेचा चहा विकावा तसं.

संध्याकाळी हे दूध आणायला गेले ते एका माणसाला बरोबर घेऊनच आले. रुद्रप्पा. वय चोपन्न. इथेच यशवंतपूरच्या इंडस्ट्रियल भागात पंपांचे सुटे भाग करणारी कंपनी आहे, तिथे सत्तावीस वर्षं इन्स्पेक्टर. पोलीस नव्हे, तयार माल मापून पास-नापास करणारे. मूळचे अथणीकडचे, म्हणून मराठी येतं, तिकडच्या चालीचं. मला 'अक्कोरे' म्हणाले. त्यांच्याकडे शाळेतल्या बाईंना अक्कोरु म्हणतात. लग्न होऊन बेंगळुरूत आल्याला चौतीस वर्षं झाली, मिस झाले, टीचर झाले, मॅडम झाले, अक्कोरु कुणी म्हटलं नव्हतं. आवडलं.

काम असं. कंपनीला परदेशातलं मोठं गिऱ्हाईक मिळालंय. त्यांचे लोक स्क्रीनवरून प्रश्न विचारणार, म्हणून प्रत्येक इन्स्पेक्टरला इंग्रजीत उत्तरं देता आली पाहिजेत. १९ सप्टेंबरला तोंडी परीक्षा. नापास झाले तर पॅकिंगला बदली. पगार तोच, पण शिक्का जाणार. प्रत्येक इन्स्पेक्टरचा स्वतःच्या नंबरचा शिक्का असतो, पास केलेल्या मालावर मारायचा. यांचा अकरा नंबर.

"सत्तावीस वर्षांत अकरा नंबरचा एक पीस परत आला नाही, अक्कोरे," म्हणाले. बढाई नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी हो म्हणून बसले. इतक्या मोठ्या विद्यार्थ्याला कधी शिकवलेलं नाही.


२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले, आज रुद्रप्पांचा पहिला तास. पाया किती आहे बघावं म्हणून सांगितलं, तुमच्या कामाबद्दल इंग्रजीत दोन वाक्यं बोला. दोन कसली, वीस मिनिटं बोलले. हात, भुवया, माझा पेला, ह्यांच्या चष्म्याची डबी, सगळं वापरलं. टूल झिजलं की भोक लहान येतं, पोरं घाईत मापतात, साहेब म्हणतो चालव, मी म्हणतो नाही चालवत. "मशीन नो लाय. मॅन लाय," हे तीनदा.

मी सवयीने समोरच्या कागदावर चुकांच्या उभ्या रेघा मारत होते. एकसष्टनंतर सोडून दिलं. कळलं सगळं. पण कळलं म्हणजे इंग्रजी आलं असं नव्हे.

पहिल्या पानापासून सुरुवात. नाम, सर्वनाम.

हे आतून ऐकत होते. गेल्यावर म्हणाले, बोलतो छान. मी म्हटलं, बोलतात छान, इंग्रजी वाईट. हे हसले आणि पेपर वर धरला.


२ सप्टेंबर, मंगळवार

रुद्रप्पांना (यापुढे नुसतं रु.) नियम आवडतात! दहावीची पोरं काळांचा तक्ता बघून जांभया देतात. या गृहस्थांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, वहीत रकाने आखले आणि बाराच्या बारा काळ बसवले. एकही रेघ वाकडी नाही. "हे गेज झालं की, अक्कोरे. गेज असलं की भ्या नाही." गेज म्हणजे त्यांचं माल मापायचं हत्यार.

तक्त्याची एक प्रत कामाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली म्हणे.

असा विद्यार्थी मिळायला साठी गाठावी लागली. नोंद: उद्या त्यांना वाक्याचं पृथक्करण द्यायचं. हल्ली कुणी शिकवत नाही. मी देणार.


७ सप्टेंबर, रविवार

केतकी आली. बेळ्ळंदूरहून इथवर दोन तास लागले, म्हणून आल्याआल्या अर्धा तास रिंग रोडच्या नावाने. मग जेवण. मग नेहमीचा विषय.

माझी मुलगी मोबाईलवर इंग्रजी शिकवणाऱ्या कंपनीत धडे लिहिते. नियम नाहीत, तक्ते नाहीत. गोष्ट ऐका, बोला, पुढे चला. तिच्या मते आधी माणसाला बोलतं करायचं, मग हळूच एखादी चूक दाखवायची. माझ्या मते आधी पाया, मग भिंत. हे भांडण तिच्या नोकरीइतकंच जुनं आहे. मटकीची उसळ आणि हे भांडण, दोन्ही दर रविवारी.

रु. बद्दल सांगितलं. ती म्हणाली, "आई, तो माणूस वीस मिनिटं बोलला ना? मग बोलू दे की. तुझं लाल पेन जरा बाजूला ठेव."

मी म्हटलं, परीक्षेला तू बसणार आहेस का?

जाताना तिने तिचं ॲप रु. साठी म्हणून माझ्या मोबाईलवर घालून दिलं. एक महिना फुकट.


९ सप्टेंबर, मंगळवार

रु. ना ॲप दाखवलं. दहा मिनिटं बोलले त्याच्याशी. काहीही बोललं की हिरवं फूल उमलतं आणि शाब्बास म्हणतं. मुद्दाम उलटसुलट बोलून पाहिलं, तरी फूल. मोबाईल दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

"हे सगळंच पास करतंय. असला इन्स्पेक्टर आमच्यात दुसऱ्या दिवशी घरी."

केतकीला हे वाक्य जसंच्या तसं पाठवलं. उत्तर आलं नाही. मला जरा जास्तच आनंद झाला, कबूल.


११ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीने कागद दिलाय. तोंडी परीक्षेच्या आधी स्वतःबद्दल आणि कामाबद्दल अर्धं पान, स्वतःच्या अक्षरात, १५ तारखेपर्यंत. परीक्षा घेणारे ते वाचून प्रश्न विचारणार.

रु. नी घरून लिहून आणलं. अर्ध्याऐवजी दीड पान. मी लाल पेन घेतलं. पाऊण तास. शेवटी पानावर निळ्यापेक्षा लाल जास्त. एकेक चूक समजावून सांगितली, प्रत्येक ठिकाणी नियमाचा नंबर घातला. मान डोलवत होते. ते मशीनचं वाक्य होतंच. मी नीट करून दिलं, 'अ मशीन नेव्हर टेल्स अ लाय, इट इज मॅन हू डझ.' बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाले, लई भारी झालं.

मग माझी नेहमीची पद्धत. कच्च्या वहीत लिहायचं, मी तपासायचं, पक्क्या वहीत सुवाच्य उतरवायचं आणि कच्चं पान फाडून टोपलीत टाकायचं. चुकीचं रूप डोळ्यांपुढे राहू द्यायचं नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराने पानं फाडलीत. पोरांना तेवढंच आवडतं.

रु. नी पान फाडलं. टोपली खुर्चीमागे होती. मी चहा आणायला उठले.


१२ सप्टेंबर, शुक्रवार

पक्की प्रत तयार. अक्षर मोत्यासारखं. ह्यांना दाखवली. वाचून म्हणाले, "हे रुद्रप्पाने लिहिलंय?" म्हटलं, अक्षर त्यांचंच. म्हणाले, अक्षराचं नाही विचारलं मी.

ह्यांना उगाच फाटे फोडायची सवय आहे. लग्नपत्रिकेतल्या चुका मी काढते त्यावरूनही दर वेळी टोमणा असतो. सगळं आयुष्य ड्राफ्ट्समन म्हणून काढलं, एक रेघ जास्त झाली तर रबर घेऊन बसायचे. आणि मला सांगतात.


१७ सप्टेंबर, बुधवार

पाठांतर चाललंय. विचार केला, तोंडी परीक्षेत प्रश्न त्या पानावरूनच येणार, तर पान पाठ असलेलं बरं. पान पाठ आहे. आता आडवे प्रश्न घेते.

एक गोष्ट खटकली, लिहून ठेवते. आज विचारलं, सकाळपासून काय काय केलंत? इंग्रजीत. पहिल्या दिवशीसारखे सुरू होतील असं वाटलं. नाही झाले. तोंड उघडलं, मिटलं. कुठला काळ घ्यायचा, ते वहीत बघू का, विचारलं. बघितलं. मग एक वाक्य, अगदी बरोबर. मग परत वही.

मी शाब्बास म्हटलं. वाक्य बरोबरच होतं.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज परीक्षा. अकरा वाजता. देवापुढे दिवा लावला, हे पेपरात डोकं घालून.

सहा वाजता येतो म्हणाले होते. आठ वाजले, आले नाहीत. फोन बंद.


२० सप्टेंबर, शनिवार

आले नाहीत.


२२ सप्टेंबर, सोमवार

आज हेच त्यांना दुधाच्या बूथवरून ओढून घेऊन आले. बसले, पण खुर्चीच्या कडेवर. मी विचारायच्या आधीच सगळं सांगितलं, एका दमात, खाली बघून. मराठी-कन्नड मिसळून. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

खोलीत नवा मॅनेजर, ऑफिसातली एक बाई, आणि स्क्रीनवर परदेशी माणूस. मॅनेजरच्या हातात आमचं पान. वाचलं, म्हणाला, फार सुंदर इंग्रजी आहे. मग स्क्रीनवरच्या माणसाने विचारलं, काल तुम्ही जी लॉट नापास केली, तिच्यात काय दोष होता?

सोपा प्रश्न. ती लॉट यांनीच नापास केली होती. टूल झिजलं होतं, बुशचं, म्हणजे पंपात बसणाऱ्या छोट्या नळीचं, भोक लहान येत होतं. पहिल्या दिवशी माझ्या पेल्यावर दाखवलं होतं तेच. पण हे सगळं पानावर नव्हतं. पहिलं क्रियापद कुठल्या काळात घालायचं यात अडकले, आणि मग घाबरून पानच म्हणायला लागले, पहिल्या ओळीपासून. 'माय नेम इज रुद्रप्पा...' त्या माणसाने थांबवलं, प्रश्न परत विचारला. यांनी परत पान सुरू केलं.

मॅनेजरने विचारलं, हे कुणी लिहिलं?

"मी काय सांगणार, अक्कोरे? माय टीचर, म्हटलो. खोटं कसं बोलू?"

ऑफिसातली बाई हसली नाही, तेही सांगितलं. त्यांना ती न हसल्याचं जास्त लागलं असावं.

जुना फोरमन मध्ये पडला म्हणून आणखी एक संधी दिलीय, १४ ऑक्टोबरला. तोपर्यंत शिक्का मॅनेजरच्या कपाटात. रु. माल मापतात, शेजारच्या टेबलावरचा पोरगेला इन्स्पेक्टर त्याचा सोळा नंबर मारतो. आज त्यांनी दोनशेच्या वर पीस मापले, आणि सगळ्यांवर सोळा.

चहा घेतला नाही. जाताना म्हणाले, तुमची चूक नाही, माझं डोकं कच्चं. मला त्यांच्याकडे बघवेना.


२३ सप्टेंबर, मंगळवार

चूक माझी. सरळ लिहून टाकावं, इथे कोण वाचणार आहे.

जो माणूस वीस मिनिटं न थांबता बोलत होता, त्याला मी तीन आठवड्यांत गप्प केलं. आणि वर त्याच्या हातात माझं पान देऊन पाठवलं, त्याचं म्हणून. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करत आले. हे काय वेगळं होतं?

बॅचच्या पोरांवर आज विनाकारण ओरडले.


२८ सप्टेंबर, रविवार

केतकी. मी आधीच सांगून टाकलं, तू म्हणत होतीस ते खरं निघालं, आता जिंकल्यासारखं तोंड करू नकोस. तिने केलं नाही. उलट म्हणाली, ॲपने पण तो माणूस पास झाला नसता. रु. चं ते 'सगळंच पास करतंय' वाक्य तिने ऑफिसात भिंतीवर लावलंय म्हणे.

मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुला माझं मैसूरचं पत्र आठवतं?"

नाही आठवलं. ती हॉस्टेलवर होती, पहिलं वर्ष. तिने मला इंग्रजीत पत्र लिहिलं होतं, मला आवडेल म्हणून. रूममेटशी पटत नाही, जेवण जात नाही, घरी यावंसं वाटतं. मी ते लाल पेनने तपासून, दहापैकी सात मार्क देऊन परत पाठवलं होतं. सोबत चिवड्याचा डबा.

"चिवडा छान होता," म्हणाली.

मला खरंच आठवत नाही. तिला सगळं आठवतं, मार्कांसकट. त्यानंतर तिची पत्रं मराठीत यायची, ते मात्र मला आठवतंय. मला वाटायचं तिला घरच्या भाषेची ओढ लागली.

माफ कर म्हटलं. आईने असं म्हणायचं नसतं बहुतेक, दोघींनाही अवघडल्यासारखं झालं. तिने पातेलं दुसऱ्यांदा पुसलं.


१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. रु. नी दोघांना कंपनीत बोलावलं होतं. बायकामुलांसकट सगळे येतात त्या दिवशी. ते बोलावतील असं वाटलं नव्हतं. गेलो.

सगळी मशिनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, दारात कुंकू भरलेले कोहळे फोडलेले. लेथला हळदीकुंकू. हे लेथपाशी जे उभे राहिले ते राहिलेच, फोरमनशी जुन्या ओळखी निघाल्या.

रु. चं टेबल कोपऱ्यात, खिडकीजवळ. टेबलावर लाल कापड, त्यावर त्यांची सगळी गेजेस ओळीने मांडलेली, प्रत्येकावर कुंकवाचा एकेक ठिपका. एक जागा रिकामी ठेवली होती, तिथे नुसतं फूल. विचारावं लागलं नाही.

मी म्हटलं, मला यातलं काहीच कळत नाही, शिकवा. आणि बाहेरगावचे लोक आलेत असं समजून इंग्रजीत शिकवा. मी गप्प राहणार.

सुरुवातीला अडखळले, माझ्याकडे बघायला लागले, चूक झाली का म्हणून. मी हातातला पीस न्याहाळत राहिले. मग एक गेज माझ्या हातात दिलं. लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना टोकं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, ते 'गो'. दुसरं जाता कामा नये, ते 'नो-गो'. पहिलं गेलं, दुसरं अडलं, तर माल पास. मी विचारलं, मग नेमकं माप किती? ड्रॉइंगमध्ये पंचवीस लिहिलंय, तर पंचवीस आहे की नाही?

हसले. "एक्झॅक्ट ट्वेंटी फाइव्ह नोबडी मेक, अक्कोरे. गॉड आल्सो नॉट मेक. लिटल प्लस, लिटल मायनस. कस्टमर पंप वर्किंग, फिनिश."

आणि मग सुटले. टूल कसं झिजतं, उन्हाळ्यात माप कसं फुगतं, सोमवारी सकाळी पोरं कशी बघून न बघितल्यासारखं करतात. अर्धा तास. आवाज पहिल्या दिवसाचा. मी एकही रेघ मारली नाही, कारण कागदच नव्हता जवळ. दोनदा जीभ चावली, खरोखरची.

निघताना गेज पेटीत ठेवायला लागले. पेटीच्या झाकणात आतून एक घडी घातलेला कागद. निळा आणि लाल. कच्चं पान.

"ते फाडायला सांगितलं होतं ना मी?"

"फाडलो की. टाकलो नाही." मग जरा ओशाळून, "माझ्या हातचं पहिलं इंग्लिश हाय ते, अक्कोरे. नापास झालेला पीस पण आम्ही लगेच फेकत नाही. का नापास झाला ते बघायला ठेवतो."




३ ऑक्टोबर, शुक्रवार

नवीन पद्धत, माझ्यासाठी. रु. बोलतात, मी ऐकते. ते बोलत असताना माझे हात टेबलाखाली. संपल्यावर फक्त एक गोष्ट सांगायची, जिच्यामुळे अर्थ अडकला असेल ती. बाकीचं लिटल प्लस, लिटल मायनस.

आज सांगायला तीन होत्या. एकच सांगितली. दोन घेऊन झोपायला जातेय.


८ ऑक्टोबर, बुधवार

सगळं गोड चाललंय असं नाही. आज रु. च भडकले. म्हणाले, तुम्ही सांगतच नाही काही, मला नियम पाहिजे, नुसतं हूं हूं करून माणूस शिकतो का, ते फूल उमलवणारं यंत्र आणि तुम्ही यांत फरक काय? बरोबर होतं त्यांचं. तक्ता परत काढला. एक तास नियम, एक तास गप्पा असं ठरलं. नियमाच्या तासाला मी लाल पेन घेते, गप्पांच्या तासाला ते त्यांच्या खिशात.

म्हणजे खरोखर त्यांच्या खिशात. स्वतःच मागून घेतलं.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

अर्धं पान परत लिहून द्यायचंय. या वेळी म्हटलं, मी बघणार नाही, तसंच द्या. ऐकेनात. न तपासलेला माल कंपनीबाहेर जात नाही म्हणाले. मी म्हटलं, तपासून परत माझंच होईल. बराच वेळ कुणीच हटेना. शेवटी सोमवारी आणतो म्हणाले.


१३ ऑक्टोबर, सोमवार

आणलं. एक पान, सरळ रेघांचं. माझ्यासमोर ठेवलं आणि लाल पेन स्वतःच्या खिशातून काढून शेजारी ठेवलं. टोपण लावलेलं.

वाचलं. मशीनचं वाक्य परत त्यांच्याच रूपात आलंय. नऊ चुका. मोजल्या, मोजू नयेत असं ठरवूनही. नऊच्या नऊ मला अजून दिसताहेत, डोळे मिटले तरी. पण कुठेही काय म्हणायचंय ते अडत नाही. टूल झिजल्याचं तर इतकं नीट लिहिलंय की उद्या कुणी मला मशीनपुढे उभं केलं तर मी ओळखीन.

हे दाराशी येऊन उभे राहिले होते.

"गो, की नो-गो?" रु. नी विचारलं.

"गो."

पान घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, सही करा. शिक्का नाही तुमच्याकडे, सही तरी करा. मी म्हटलं, तुमच्या पानावर माझी सही आली की परत तोच प्रश्न, कुणी लिहिलं म्हणून. विचार केला. पटलं. मग खुर्चीवरून उठून मला वाकून नमस्कार करायला लागले. चोपन्न वर्षांचा माणूस. मी मागे सरकले, तर टोपली पायाखाली आली आणि सगळा कचरा जमिनीवर. दोघांनी मिळून भरला.

पेन माझ्याकडे ठेवून गेले.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

परीक्षा अकराला. दिवा लावला. ह्यांनी वात पुढे केली.

दुपारी चारला बॅच. निबंध दिला होता. एका पोराने कच्चं पान नेहमीप्रमाणे टराटरा फाडायला घेतलं. राहू दे म्हटलं. का, मिस? म्हटलं, राहू दे वहीत. तिघंही एकमेकांकडे बघत राहिली, बाईंना बरं नाही अशा नजरेने. पक्की प्रत मात्र करायला लावलीच.

पाच चाळीसला रु. चा फोन. मागे ऑटोंचे हॉर्न, गेटबाहेरून बोलत असावेत. पाऊण तास चाललं म्हणाले. पान मॅनेजरने वाचलं, या वेळी सुंदर वगैरे काही म्हणाला नाही. स्क्रीनवर तोच माणूस. बरंच काही विचारलं. एकदा त्याला कळलं नाही तेव्हा यांनी उठून खिडकीतली फुलदाणी घेतली आणि तिच्यात पेन घालून दाखवलं. तो हसला की चिडला, ते स्क्रीनवर नीट दिसलं नाही. निकाल सोमवारी. शिक्का अजून कपाटातच.

एवढं ऐकून मी काय विचारावं? धीर द्यावा, जेवलात का विचारावं. मी विचारलं, चुका किती झाल्या?



"मोजलो नाही, अक्कोरे. बोलत होतो."